मान टाकलेलं मूल शांत नसतं

लहान मुलांच्या ओपीडीत एक अलिखित नियम चालतो: जे मूल जास्त रडेल त्याचा नंबर आधी. हा नियम कुणी मुद्दाम केलेला नाही. रडण्यानं सगळ्यांचंच डोकं उठतं, मग बाकावरच्या बायाच म्हणतात, "जावा ताई तुम्ही आधी, लई रडतंय." दारावरचे शिपाई मामाही केसपेपर वर सरकवतात. यात माणुसकी आहेच. पण त्याच बाकाच्या टोकाला आईच्या खांद्यावर डोकं टाकून एक मूल पडलेलं असतं. ते रडत नाही, पाय झाडत नाही, आईच्या मंगळसूत्राशी खेळत नाही. शेजारीण कौतुकानं म्हणते, "किती गुणी आहे हो तुमचं!"

माझं सगळं भांडण या एका वाक्याशी आहे.

सांगली-मिरज पट्ट्यात मी तीस वर्षं परिचारिका होते, त्यातली निम्म्याहून जास्त मुलांच्या वॉर्डात. ज्यांना बोलता येत नाही अशा रुग्णांची सेवा करण्यात आयुष्य गेलं, आणि तरी निवृत्तीनंतर मागं बघताना वाटतं की त्यांचं म्हणणं वाचायला आम्हाला कुणी धड शिकवलं नाही. जे शिकलो ते आयांकडून, आणि काही वेळा फार उशिरा.

गंमत अशी, की सरकारच्या कागदावर हे सगळं लिहिलेलं आहे. नवजात बाळांच्या आणि बालकांच्या आजारांसाठी आयएमएनसीआय नावाचा तक्ता आहे, उपकेंद्रातल्या सिस्टरपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना त्याचं प्रशिक्षण असतं. जुलाब झालेल्या मुलाचं त्यात काय सांगितलंय ते बघा. मूल अस्वस्थ आहे, चिडचिड करतंय, पाणी दिसलं की अधाशासारखं पितंय, तर शरीरातलं पाणी काही प्रमाणात कमी झालंय. मूल सुस्त पडलंय, डोळे खोल गेलेत, पाणी पुढं केलं तरी पीत नाही, पोटाच्या कातडीची चिमटी सोडल्यावर फारच सावकाश खाली बसते, तर पाणी गंभीर कमी झालंय, ताबडतोब सलाईन. म्हणजे तक्त्याच्या हिशेबानं रडणारं, पाण्यासाठी झडप घालणारं मूल दुसऱ्या क्रमांकावर आणि गप्प पडलेलं पहिल्या. आपली रांग नेमकी उलटी लागते.

एक हंगाम आठवतो. डिसेंबर असावा, कारखाने जोरात चालू होते. बीडकडची ऊसतोडणीची बाई सात-आठ महिन्यांचं मूल घेऊन आली. दोन दिवस जुलाब. तिनं केसपेपर काढणाऱ्याला सांगितलं, "लेकरानं मान टाकलीय." त्यानं लिहिलं, 'जुलाब, दोन दिवस'. ती दीड तास बाकावर बसली. त्या दीड तासात मी दोनदा तिच्यासमोरून गेले. एकदा तर त्या मुलाच्या गालाला हात लावून "शहाणं गं बाळ" असंही म्हटलं. आत नेलं तेव्हा शीर सापडेना. हातावर बघितलं, पायावर बघितलं, शेवटी डोक्यावरची सापडली. मूल वाचलं. वाचलं म्हणून कुणी काही विचारलं नाही.

त्या बाईनं रोगाचं नाव सांगितलं नव्हतं, पण अवस्था अचूक सांगितली होती. 'मान टाकली' हे दोन शब्द त्या तक्त्यातल्या सगळ्यात वरच्या, तातडीच्या गुलाबी रकान्याचं मराठी होतं. आम्हाला ते मराठी ऐकू आलं नाही.

आपल्या बायकांकडं आजारी मुलासाठी जेवढे शब्द आहेत तेवढे मला नर्सिंगच्या पुस्तकात भेटले नाहीत. पिरपिर करतंय. किरकिर करतंय. हिरमुसलंय. कण्हतंय. मलूल झालंय. सुकलंय. मान टाकली. अंग टाकलं. शहरी कानाला हे सगळे 'बाळाला बरं नाही' या अर्थाचे वाटतात. ती एक उतरण आहे, पायरीपायरीनं खाली जाणारी. किरकिर करणाऱ्या मुलात अजून भांडायची ताकद आहे. मलूल मूल दमलंय, पण हाक मारली तर बघतंय. मान टाकलेल्यानं भांडण सोडून दिलंय. शिवाय 'अंगावर पीत नाही', 'तोंड फिरवतंय', 'पाय पोटाशी घेतंय', 'पोट उडतंय', 'टाळू आत गेलीय' हे निराळेच; त्यातलं प्रत्येक एकेका अवयवाकडं बोट दाखवतं. पोट उडतंय म्हणणाऱ्या आजीनं न्यूमोनिया हा शब्द ऐकलेलाही नसेल, पण श्वासाबरोबर बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाते हे तिनं उघड्या अंगावर पाहिलेलं असतं. आम्ही बाळाच्या अंगातलं झबलंही न काढता छातीला नळी लावतो.

अलीकडं या यादीत एक नवा शब्दप्रयोग आलाय: "मोबाईल दिला तरी बघत नाही." पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी मनात त्या आईला नावं ठेवली. आता वाटतं, ही आजची 'मान टाकली' आहे. ज्या मुलाला कार्टून लावून दिलं की जेवण विसरतं, त्यानं पडद्यावरून नजर काढून घेतली, तर ते घरातल्यांना तात्काळ कळतं. आपण मोबाईलवर व्याख्यान द्यायच्या आत ही माहिती टिपून घ्यायला हवी.

दृष्ट काढण्याचंही तसंच. मूल सारखं रडतंय म्हणून आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकते आणि आम्ही शिकलेले तिच्यावर तोंडसुख घेतो. तिचं निदान चुकलेलं असतं, निरीक्षण चुकलेलं नसतं. नेहमीसारखं नाही, काहीतरी बिनसलंय, हे घरात सगळ्यात आधी तिला कळलेलं असतं. ओवाळण्यात पाच मिनिटं जातात, त्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते नंतर वाट बघण्यात. त्या पाच मिनिटांसाठी तिचा दवाखान्यात पाणउतारा केला, की पुढच्या वेळी ती सुनेला एकटीलाच पाठवते, आणि ज्या माणसानं मुलाला दिवसभर पाहिलंय तेच माणूस आमच्यासमोर नसतं.

घरच्या माणसाचं हे बघणं शास्त्राच्या कामाला येतं का, याचं उत्तर महाराष्ट्रातच मिळालेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झालाय हे रक्ततपासणीशिवाय ओळखायचं कसं? आधी नीट रडत होतं, आता रडणं क्षीण झालं किंवा थांबलं. आधी नीट ओढत होतं, आता दूध ओढणं कमी झालं किंवा थांबलं. बाळ सुस्त झालं. अशा खुणांवरून त्या ओळखायच्या आणि उपचार सुरू करायच्या. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास आला तेव्हा तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले होते. घटण्याचं कारण एवढं एकच नव्हतं, पूर्ण घरपोच सेवा त्यामागं होती. तरी त्या खुणांमधला 'आधी' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. आधी कसं होतं हे फक्त आईला माहीत असतं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत ज्या फेऱ्या मारतात, त्यांचं मूळ तिथलं आहे.

मुलाचं अंग काय बोलतंय याकडं कानाडोळा करण्यात अडाणी म्हणावेत असे फक्त आपणच नाही. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकापर्यंत जगातल्या नावाजलेल्या रुग्णालयांत तान्ह्या बाळांवर नावापुरती भूल देऊन शस्त्रक्रिया होत असत. बाळाची मज्जासंस्था कच्ची असते, त्याला तितकंसं दुखत नाही, असा समज होता. स्नायू ढिले करणारं औषध दिलेलं असे, त्यामुळं बाळ हलूही शकत नसे. हलत नाही, मग कशाला दुखतंय! इंदूरला वैद्यकी शिकून ऑक्सफर्डला गेलेल्या डॉ. कन्वलजीत आनंद यांनी १९८७ साली दाखवून दिलं, की पुरेशी वेदनाशामक भूल न मिळालेल्या बाळांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं कितीतरी वाढतात आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही त्यांच्यात जास्त होते. तोंड बंद केलेल्या रुग्णाच्या रक्तानं साक्ष दिली, तेव्हा डॉक्टरांनी ऐकलं.

त्यानंतर मोजपट्ट्या आल्या. मिशिगन विद्यापीठात १९९७ साली तयार झालेली 'फ्लॅक' नावाची पट्टी त्यातली सोपी: चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं, या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण. बेरीज दहापैकी. दोन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंतच्या मुलांना लागू. मिनिट-दोन मिनिटं मुलाकडं नुसतं बघायचं, यंत्र नको की रक्त नको. मला ही पट्टी आवडते, पण तिला देव्हाऱ्यात बसवायला मी तयार नाही. घाबरलेलं मूल आणि दुखणारं मूल सारखंच दिसतं, सुई टोचताना तर हमखास. भूकही त्यात मिसळते. आणि फार दुखणारं, फार आजारी मूल न हलता पडून राहतं, त्याला गुण कमी पडतात. म्हणून पट्टीबरोबर एक प्रश्न लागतोच: याला दुखलं की हा काय करतो?

हा प्रश्न मला एका सहा वर्षांच्या मुलाच्या आईनं शिकवला. जन्मापासून मेंदूचा पक्षाघात, शब्द एकही नाही, हातपाय कायम ताठ. आम्ही त्याचं सगळंच 'असंच असतं त्याचं' म्हणून सोडून द्यायचो. आई म्हणाली, "सिस्टर, हा मनगट चावायला लागला की कुठंतरी दुखतंय समजा. नुसता ओरडतो तेव्हा कंटाळलेला असतो." दुसऱ्या दिवशी तो मनगट चावत होता. शोधलं तर कानात पू. तिनं सांगितलं नसतं तर आम्ही त्याला कंटाळा घालवायला खिडकीशी नेलं असतं. पुढं वाचनात आलं, की त्याच 'फ्लॅक' पट्टीची २००६ साली सुधारलेली आवृत्ती निघाली, आणि अशा मुलांसाठी तिच्यात पालकांनी सांगितलेल्या खुणा लिहायला जागा ठेवली आहे. आपल्याकडं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांमधून अशी मुलं हुडकून काढतात, जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. तिथल्या फायलीत वजन, उंची, निदान सगळं असतं. 'दुखलं की मनगट चावतो' ही ओळ मी कुठल्या फायलीत पाहिली नाही.

मिरजेचा प्रश्न आणखी वेगळा आहे. मिशनरी डॉक्टर वानलेस यांच्या मिशन हॉस्पिटलच्या काळापासून हे दवाखान्यांचं गाव. १९६२ पासून वैद्यकीय महाविद्यालयही आहे. रेल्वेनं, एसटीनं, वडापच्या जीपनं पेशंट येतात ते निम्मे सीमेपलीकडून. अथणीची, जमखंडीची आई कानडीत सांगत असते आणि तरुण डॉक्टर लातूरचा किंवा नागपूरचा असतो. जतकडच्या काही गावांतही घरची भाषा कानडीच. अशा वेळी आई आणि मूल दोघंही आमच्या लेखी मुकी होतात. "अळ्ताने, अळ्ताने" एवढंच ऐकू येतं, रडतोय एवढंच कळतं. पण मुलाचं पोट मराठीत उडत नाही की कानडीत. याच गावात सतारमेकर मंडळी तारेखालच्या पट्टीवर केसाएवढा घासा देऊन जवारी काढतात, स्वर किती उघडला ते कानानं ओळखतात. तो कान काही दैवी नाही. वर्षानुवर्षं लक्ष देऊन तो तयार होतो.

यावर आमच्या डॉक्टर मंडळींचं उत्तर मला पाठ आहे. "सिस्टर, सकाळी शंभर मुलं असतात. प्रत्येकाच्या चेहऱ्याकडं बघत बसू?" गर्दी खोटी नाही. जागा रिकाम्या आहेत, निवासी डॉक्टर छत्तीस-छत्तीस तास जागे असतात, त्यांच्यावर मी दगड मारणार नाही. पण बघायला वेगळा वेळ लागतो हे मला मान्य नाही. आई दारातून टेबलापर्यंत येते त्या दहा पावलांत मुलाचं निम्मं कळतं: मान सावरतंय का, माझ्याकडं बघतंय का, श्वास कसा चाललाय, रंग कसा आहे. तातडीच्या बालरुग्णांसाठी जगभर हेच शिकवतात, आधी हात न लावता लांबून बघा. त्या दहा पावलांच्या वेळात आमची मान केसपेपरात असते, मागच्या मुलाची औषधं लिहीत.

आणि शांत करण्याला 'लाड' म्हणणं तर साफ चूक आहे. मुलाचे श्वास मोजायचे ते पूर्ण एक मिनिट, मूल शांत असताना. दोन महिन्यांखालच्या बाळाचे साठ किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे पन्नास, पाच वर्षांपर्यंतच्याचे चाळीस भरले की जलद श्वास धरायचा. रडणाऱ्या मुलाचे श्वास मोजून काय कळणार? आधी टेबलावर आडवं पाडून, घशात चमचा घालून त्याला रडवायचं आणि मग छाती तपासायची, हा उलटा क्रम मी रोज बघितलाय. आईच्या मांडीवरच आधी छाती ऐकावी, कान-घसा शेवटी बघावा, हे बालरोगाच्या पहिल्या धड्यात असतं.

आता सुईबद्दल. इथं मी स्वतः आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. किती मुलांचे हात-पाय मी दाबून धरले याची गणती नाही. "झालं झालं, मुंगी चावली" असं हजारदा खोटं बोलले. घरोघरी तर सुई हा पोलिसासारखाच धाक आहे: "जेव, नाहीतर डॉक्टरकाका टुच् करतील." मग तेच मूल आमच्या दारात पाय रोवतं, आईचा पदर घट्ट धरतं, पांढरा कोट दिसला की मान आईच्या मानेत खुपसतं, आणि आम्ही त्याला हट्टी म्हणतो. ते तर त्याला शिकवलेला धडा बिनचूक म्हणून दाखवतंय! "मुलगा असून रडतोस?" हेही वर ऐकवतो. सहा आठवड्यांच्या बाळाला आपल्या लसीकरणात एकाच दिवशी तीन सुया लागतात, दोन मांड्यांत आणि एक दंडात. त्यात कपात करा असं मी म्हणत नाही. गोवरानं भरलेले वॉर्ड जिनं पाहिले तिला लसीची किंमत सांगायला नको. पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली लस टोचतानाच्या वेदनेबद्दल ज्या सूचना दिल्या त्या फुकट अमलात येतात. बाळाला आईनं धरावं, टोचताना किंवा जरा आधी अंगावर पाजावं, सगळ्यात दुखणारी लस शेवटी द्यावी, आणि 'दुखणार नाही' असं खोटं सांगू नये. पदराखाली घ्यायला आडोसा म्हणून एक चादर बांधली की अंगणवाडीतही हे जमतं. आमच्या भागातल्या एका उपकेंद्राच्या सिस्टरनी ते करूनही दाखवलंय. त्यांच्या सत्राला बाया दुसऱ्या गावाहून येतात.

वॉर्डात मुलाला सगळ्यात जास्त कोण पाहतं? डॉक्टर राउंडपुरते, सिस्टर औषधांपुरत्या. दिवसभर ये-जा असते ती मावशींची. कुपोषित मुलांच्या पोषण पुनर्वसन केंद्रात मी एका मावशींना "आज हसलं बरं का ते" असं सांगताना ऐकलंय, वजनकाट्यानं अजून दहा ग्रॅमही दाखवले नव्हते तेव्हा. अतिकुपोषित मूल कशालाच दाद देत नाही, आणि त्याचं हसू परतणं ही सुधारणेची खूण बालरोगात मानलीही जाते. मावशींनी ती पुस्तकाविना ओळखली. पण मावशींच्या म्हणण्याला पाळी बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये जागा नाही. त्यांना प्रशिक्षणाला बोलावत नाहीत, कारण त्या 'टेक्निकल' नाहीत.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. लहान मुलांच्या केसपेपरवर वजन आणि तापाशेजारी आणखी एक रकाना छापा: मूल कसं आहे, आईच्या शब्दांत. 'मान टाकली' म्हटलं तर 'मान टाकली' असंच लिहा, त्याचं 'जुलाब, दोन दिवस' करू नका.

एका बैठकीत हे मांडलं तर एका साहेबांनी विचारलं, "रकाना भरणार कोण? माणूस आहे का?" आहे. जो वजन करतो तो. वजनकाट्याचं ते गार, हलणारं तबक कुठल्याच मुलाला आवडत नाही. अंगावरचे कपडे काढून, आईच्या कडेवरून उचलून त्यावर ठेवलं की वर्ष-दीड वर्षाचं धडधाकट पोर पाठीची कमान करतं, काट्याची कड धरतं, आईकडं हात पसरून टाहो फोडतं. वजन घेणारा वैतागतो, काटा स्थिर होत नाही म्हणून. ज्या दिवशी काटा पहिल्या झटक्यात स्थिर होईल, आकडा सुखानं लिहिता येईल, त्या दिवशी त्यानं पेन खाली ठेवावं आणि त्या मुलाला रांग मोडून आत न्यावं.